परदेशी पाठवलेलं पोस्टकार्ड पोचतच नाही? आधी गावातली वाट तपासा

पोस्टक्रॉसिंग म्हणजे एका संकेतस्थळावरून अनोळखी माणसांचे पत्ते घेऊन जगभर पोस्टकार्डांची देवाणघेवाण करायची. मराठवाड्यातून ते करणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली आहे. पाच पत्ते घेतले, पाच कार्डं टाकली, दीड महिना उलटला, तरी एकही कार्ड पोचल्याची नोंद नाही. खात्यावर पाचही कार्डं ‘प्रवासात’ म्हणून पडलेली. त्यामुळं नवा पत्ता मिळत नाही, आणि आपलं कार्ड पोचत नाही तोवर आपल्यालाही कुणाचं येत नाही. लागोपाठ असं झालं की माणूस म्हणतो, ‘आपल्याकडून काही जातच नाही,’ आणि नाद सोडून देतो. आठवी-नववीतल्या पोरींनी असा नाद सोडलेला मला बघवत नाही. वेरूळच्या कैलासाचं चित्र फिनलंडमधल्या कुणाच्या तरी घरात लागावं म्हणून त्यांनी खाऊच्या पैशातून तिकिटं घेतलेली असतात.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कार्ड पोचलं नाही की ते परदेशात हरवलं असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात उलटं आहे. मुंबईहून एकदा विमानात चढलेलं कार्ड सहसा पोचतं. अडतं ते त्याच्या अलीकडं: कमी लावलेलं तिकीट, वाटेत सुटलेलं तिकीट, वेळेवर न उघडणारी पेटी, वाचता न येणारा देश. या सगळ्या गोष्टी आपल्या तालुक्याच्या गावातच नीट करता येतात. त्यासाठी महागडी सेवा लागत नाही की मुंबई-पुण्यात ओळख लागत नाही.

नव्या माणसासाठी थोडक्यात नियम. पोस्टक्रॉसिंग २००५ साली पोर्तुगालमधल्या पाउलो मागाल्यायश यांनी सुरू केलं. तुम्ही पत्ता मागता, संगणक जगातल्या कुणाचा तरी पत्ता आणि एक आयडी, म्हणजे त्या कार्डाचा ओळख क्रमांक, देतो. आपल्या देशाचा आयडी ‘आयएन’ या अक्षरांनी सुरू होतो. तो आयडी कार्डावर लिहायचा. कार्ड मिळालं की समोरचा तो आयडी नोंदवतो, आणि मग तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. सुरुवातीला एका वेळी पाचच कार्डं प्रवासात ठेवता येतात, पुढं ही मर्यादा वाढत जाते. साठ दिवसांत नोंद झाली नाही तर कार्ड ‘एक्स्पायर’ दाखवलं जातं. इथंच बरेच जण आशा सोडतात, पण एक्स्पायर झालेल्या कार्डाची नोंद पत्ता घेतल्यापासून वर्षभरात कधीही होऊ शकते. साठ दिवसांनी एवढंच होतं की अडकलेली जागा मोकळी होते आणि तुम्हाला नवा पत्ता घेता येतो.

आधी बघा, नेमकी कोणती कार्डं पोचली नाहीत

काही बदलण्याआधी खात्यावरची यादी काढा आणि प्रत्येक कार्डासमोर तीन गोष्टी लिहा: कोणत्या देशाला, कुठून टाकलं, कोणत्या आठवड्यात टाकलं. निम्मं उत्तर तिथंच मिळतं. एकाच दिवशी एकाच पेटीत टाकलेली सगळी कार्डं गायब असतील तर जर्मनी, जपान आणि ब्राझीलच्या टपाल खात्यांनी एकाच वेळी घोळ घातला असं होत नाही. दोष आपल्या टोकाला आहे. बाकीची पोचली आणि एकाच देशाची अडली असतील तर पत्ता किंवा त्या देशाची वाट तपासा. एखादंच राहिलं असेल तर ते ज्याला पाठवलं तो माणूस गावाला गेलेला असेल, आजारी असेल, त्यानं नोंद करायचं राहून गेलं असेल. त्यासाठी आपली पद्धत बदलायचं कारण नाही.

याच कारणासाठी नव्या माणसाला मी सांगते, पहिली पाच कार्डं एकाच वेळी एकाच ठिकाणी टाकू नका. दोन मुख्य डाकघरात द्या, दोन तुमच्या जवळच्या पोस्टात, एक पेटीत. म्हणजे पुढं काही अडलं तर कुठं अडलं ते कळेल.

पेटीवर संशय असेल तर तो तपासायला आपल्या हातात फार स्वस्त साधन आहे: पन्नास पैशांचं साधं पोस्टकार्ड. दोन कार्डं घ्या आणि पुण्यात किंवा नाशकात असलेल्या मावशीचा, आत्याचा पत्ता घाला. एकावर ‘पेटीत टाकलं’ आणि दुसऱ्यावर ‘खिडकीवर दिलं’ असं लिहून तारीख घाला, आणि दोन्ही एकाच दिवशी पाठवा. मावशीला सांगून ठेवा, मिळालं की फोन कर. खिडकीवरचं चार-सहा दिवसांत आलं आणि पेटीतलं आलंच नाही किंवा महिन्यानं आलं, तर कार्ड कुठं अडलं होतं ते समजलं. पेटीवर उघडण्याची वेळ रंगवलेली असते. ती पाळली जात नसेल तर पोस्टमास्तरांना भेटून सांगा, त्यानंही भागलं नाही तर टपाल खात्याच्या १८०० २६६ ६८६८ या क्रमांकावर तक्रार द्या. साध्या कार्डाला बारकोड नसतो, त्यामुळं ‘माझं कार्ड कुठं आहे’ या प्रश्नाला तिथं उत्तर मिळणार नाही. ‘अमुक पेटी वेळेवर उघडत नाही’ ही तक्रार मात्र नोंदवता येते.

खिडकीवर काय बोलायचं

तालुक्याच्या पोस्टात परदेशी पोस्टकार्ड रोज येत नाही. खिडकीवरच्या माणसाला त्याचा दर तोंडपाठ नसणं साहजिक आहे. संभाषण साधारण असं होतं:

‘साहेब, हे कार्ड जर्मनीला जायचंय. तिकीट कितीचं लागेल?’

‘पोस्टकार्ड ना? पन्नास पैसे.’

‘देशातलं नाही साहेब, परदेशी.’

‘जर्मनीला? मग पाकिटात घालून स्पीड पोस्ट करा की ताई.’

यात कुणाची चूक नाही, पण इथं माघार घेतली तर घोटाळा होतो. कुणी पन्नास पैशांच्या समजुतीनं देशातला दर लावून टाकतं, कुणी परदेशी पत्राचा दर लावतं, कुणी स्पीड पोस्टचा आकडा ऐकून घरी येतं. तुम्हाला हवा आहे तो परदेशी पोस्टकार्डाचा हवाई दर. हे चार शब्द तसेच म्हणा. दर मधूनमधून बदलतात, म्हणून कुणाच्या जुन्या आकड्यावर विसंबू नका. टपाल खात्याच्या संकेतस्थळावरचं दरपत्रक मोबाइलवर उघडून सोबत न्या आणि नम्रपणे दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत तेच साहेब ‘आज कुठं, जपानला का?’ म्हणून विचारायला लागतात, आणि मग तुमचं काम कायमचं सोपं होतं.

तिकीट कमी पडलं तर काय होतं? कधी कार्ड परत येतं. कधी ते पुढं जातं, पण त्यावर ‘टी’ अक्षराचा शिक्का मारतात. टपाल बाकी आहे याची ती जगभरची खूण आहे, आणि मग समोरच्याकडून पैसे मागितले जाऊ शकतात. अनोळखी माणसानं आपलं कार्ड सोडवायला पैसे भरावेत हे काही बरं नाही. त्यामुळं दराची खात्री करायला पाच मिनिटं जास्त गेली तरी जाऊ द्या.

खिडकीवर दुसरी विनंती शिक्क्याची करा. ‘साहेब, शिक्का इथंच माराल का?’ पाच-पाच रुपयांची सुंदर, कोरी तिकिटं लावलेलं कार्ड शिक्क्याविना पुढं गेलं की ती तिकिटं उचकटली जाण्याची भीती राहते. समोर शिक्का बसला की ती भीती गेली. शिवाय कार्ड मिळणाऱ्याला आपल्या गावाच्या नावाचा, तारखेचा स्पष्ट शिक्का फार आवडतो. सेलू, मुखेड, औंढा नागनाथ असा शिक्का जर्मनीतल्या ल्युबेकच्या एखाद्या संग्रहात लागणं ही त्या संग्राहकाच्या दृष्टीनं मोठी गोष्ट असते.

तिकीट सुटतं, शाई पसरते

माझ्या मते हे सगळ्यांत दुर्लक्षित कारण आहे. आपल्या तिकिटांच्या मागचा डिंक साध्या कागदावर कसाबसा धरतो, पण गुळगुळीत फोटो कार्डावर धरत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना. खिडकीवरच्या ओल्या स्पंजावर तिकीट फिरवून कार्डावर टेकवेपर्यंत कडेचं पाणी सुकलेलं असतं. मधला भाग चिकटतो, कोपरे उघडे राहतात. मग कार्ड थैलीत इतर टपालावर घासलं जातं, कोपरा आणखी उचलतो, आणि मुंबईला पोचेपर्यंत तिकीट थैलीच्या तळाशी. बिनतिकिटाचं कार्ड पुढं कसं जाणार?

उपाय साधा आहे. तिकिटं आधी घरी आणा. मागं गोंदकांडी फिरवा, चारही कडांपर्यंत, कोपऱ्यांवर विशेष. तिकीट ठेवून वर कोरा कागद धरा आणि अंगठ्यानं मधून कडेकडं दाबत न्या. मग कार्ड रात्रभर जाड वहीखाली ठेवा. सकाळी नखानं कोपरा उचलून बघा. उचलला गेला नाही तर पोस्टात न्या आणि शिक्का मारून घ्या. पारदर्शक चिकटपट्टी तिकिटावरून लावू नका. तिच्यावर शिक्क्याची शाई धरत नाही, आणि तसं तिकीट अमान्य ठरू शकतं.

शाईचंही तसंच. जेल पेन दिसायला छान, पण सप्टेंबरातल्या परतीच्या पावसात पोस्टमनच्या पिशवीला दोन थेंब लागले की पत्त्याची निळी रांगोळी होते. बॉलपेन वापरा. कार्डाची मागची बाजू गुळगुळीत असेल तर बारीक टोकाचा कायम शाईचा मार्कर घ्या, आणि लिहिल्यावर बोट फिरवून बघा. पत्ता पसरला तर कार्ड गेलं, आयडी पसरला तर कार्ड पोचूनही नोंद होत नाही.

मोठ्या रकमेची तिकिटं लहान पोस्टात नसतात, ही तक्रारही खरी आहे. खिडकीवर असतात ती पाचची, मग कार्डाचा निम्मा भाग तिकिटांनीच भरतो. जिल्ह्याच्या मुख्य डाकघरात तिकीट संग्राहकांसाठी काय आहे ते विचारा. टपाल खात्याकडं तिकीट संग्राहकांचं ठेव खातंही उघडता येतं. त्यात किमान दोनशे रुपये भरून ठेवले की नवी तिकिटं घरपोच येत राहतात. शाळेनं एक खातं काढलं तर सगळ्या मुलांची सोय होते.

थोडं विषयांतर करते, कारण आपल्या भागातल्या मुलांना हे कुणी सांगत नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्याची स्वतःची टपालव्यवस्था आणि तिकिटं होती. १९३१ च्या त्यांच्या तिकीट मालिकेत अजिंठ्याच्या लेण्यांचं तिकीट आहे आणि दौलताबादच्या चांदमिनाराचंही. पण ही तिकिटं राज्याच्या हद्दीतच चालायची, बाहेर पत्र पाठवायचं तर इंग्रजी राज्याची तिकिटं लावावी लागत. ‘कोणतं तिकीट कुठवर चालतं’ हा प्रश्न आपल्या आजोबा-पणजोबांनाही पडलेला आहे. परदेशी मित्राला लिहायला एखादी गोष्ट हवी असेल तर ही लिहा, तिकिटं जमवणाऱ्याला ती नक्की भावेल.

पत्ता: आपल्या पोस्टाला देश वाचता आला पाहिजे

एक गोष्ट लक्षात घेतली की पत्त्याच्या निम्म्या अडचणी सुटतात. आपल्याकडच्या टपाल कर्मचाऱ्यांना पत्त्यातली एकच ओळ लागते, देशाची. बाकीचा पत्ता तिकडच्या पोस्टमननं वाचायचा असतो. त्यामुळं शेवटच्या ओळीत देशाचं नाव इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, एकटं लिहा आणि खाली रेघ ओढा. समोरच्यानं पत्त्यात ‘डॉइचलांड’ (जर्मनी), ‘सुओमी’ (फिनलंड), ‘ओस्टराइश’ (ऑस्ट्रिया) असं आपल्या भाषेत दिलेलं असतं आणि मुलं ते जसंच्या तसं उतरवतात. बरोबरच आहे, पण तालुक्याच्या पोस्टात सुओमी म्हणजे फिनलंड हे कुणी ओळखावं? खाली इंग्रजी नाव हवंच.

काही देश एकमेकांच्या नावामुळं हमखास चुकतात. ऑस्ट्रियाचं कार्ड ऑस्ट्रेलियाला जातं. स्लोव्हाकिया आणि स्लोव्हेनिया यांचा गोंधळ होतो. जॉर्जिया नावाचा देश आहे आणि त्याच नावाचं अमेरिकेतलं राज्यही आहे. अशा वेळी देशाखाली इंग्रजीत ‘युरोप’ लिहिलं तर ऑस्ट्रिया-ऑस्ट्रेलियाचा घोळ मिटतो. चीन, तैवान, जपान, रशियाचे काही सदस्य आपला पत्ता त्यांच्या लिपीतही देतात. तो छापून चिकटवता आला तर उत्तम, कारण हातानं काढलेली चिनी अक्षरं चुकतात. पण देश इंग्रजीतच.

पिनकोडला हात लावू नका. नेदरलँड्सचा चार आकडे आणि दोन अक्षरं असा असतो, जपानचा सात आकडी मध्ये आडवी रेघ असलेला, जर्मनीत पाच आकडे शहराच्या नावाआधी येतात, ब्रिटनमध्ये शहराच्या खाली. आपल्या सवयीनं तो शेवटी न्यायचा नाही, ओळींचा क्रम दिला तसाच ठेवायचा.

आता आकड्यांच्या वळणाबद्दल, कारण यात आपली मुलं फार अडकतात. मराठी शाळेत शिकलेल्याचा हात घाईत मराठी आकड्यांकडं वळतो. आपला एक परदेशी माणसाला इंग्रजी नऊ वाटतो. आपला चार त्याला वरून उघडा राहिलेला आठ वाटतो. आपला पाच म्हणजे त्याच्या लेखी वाय हे अक्षर. एका मुलीच्या कार्डाचा फोटो मी पाहिला. पत्ता स्वच्छ, चित्र सुंदर, आणि आयडीत इंग्रजी आकड्यांच्या मधोमध एक मराठी चार. ज्याला ते मिळालं असेल त्यानं आठ टाकून पाहिला असेल, नोंद होत नाही म्हटल्यावर बाजूला ठेवलं असेल. आयडी दोन ठिकाणी लिहा, एकदा मजकुराच्या वर आणि एकदा खाली डावीकडं. तिकिटाशेजारी लिहू नका, तिथं शिक्का बसतो. एक या आकड्याची उभी रेघ साधी काढा, आणि सातच्या मधून छोटी आडवी रेघ द्या, युरोपात तो तसाच लिहितात.

आणखी एक प्रकार: पाठवलेलं कार्ड चार दिवसांनी आपल्याच दारात परत. यात जवळजवळ नेहमी कारण हेच असतं की ‘प्रेषक’ म्हणून स्वतःचा पूर्ण पत्ता पिनकोडसह समोरच्याच्या पत्त्याएवढ्याच अक्षरांत लिहिलेला असतो. वर्गवारी करणाऱ्याची नजर ओळखीच्या सहा आकडी पिनवर जाते आणि कार्ड तिकडं वळतं. यंत्रालाही हेच होतं. चित्राच्या कार्डावर आपला पत्ता लिहायची गरज नाही, गाव आणि देश मजकुरात आला की पुरे. परत आलेलंच असेल तर आपला पत्ता पूर्ण झाकेल अशी पांढरी पट्टी चिकटवा, देश पुन्हा ठळक करा आणि खिडकीवर दाखवून परत द्या.

पत्त्याच्या बाजूला सगळ्यांत खाली दीड-दोन सेंटिमीटर जागा कोरी सोडा. कितीतरी देशांत यंत्र तिथं बारीक रेघांचा कोड छापतं. तिथं तुमचा मजकूर उतरला असेल तर यंत्राला कोड वाचता येत नाही आणि कार्ड हातानं वर्गवारी करायच्या ढिगात जातं.

कार्ड स्वतःच अडत असेल

वेरूळ-अजिंठ्याला मिळणाऱ्या चित्रांच्या पाकिटातली कार्डं एकमेकांना जोडलेली असतात. ती फाडून वापरता येतात, पण पातळ असतील तर मागं जाड कागद चिकटवा. घरी फोटो छापून कार्ड करायचं तर चार बाय सहा इंच हे माप सगळ्यांत निर्धोक. आंतरराष्ट्रीय नियमात पोस्टकार्ड कमीत कमी ९० बाय १४० मिलिमीटर आणि जास्तीत जास्त १२० बाय २३५ मिलिमीटर चालतं, आणि लांबी रुंदीच्या किमान १.४ पट हवी. म्हणून चौरस कार्ड पोस्टकार्डाच्या दरात बसत नाही. बिबी का मकबऱ्याच्या आकारात कापलेलं कार्ड कितीही देखणं असलं तरी ते पाकिटातूनच पाठवा.

पैठणीच्या काठाचा तुकडा, हिमरूची पट्टी, बंजारा भरतकामातला आरसा कार्डावर लावायचा मोह होतो. द्यायची इच्छा मला समजते, आपल्याकडचं तेच तर खरं वैभव. पण उंचवटा आला की यंत्रात कार्ड फाटतं. हे सगळं पाकिटात घालून पत्राच्या दरानं पाठवा. ज्वारीचे दाणे, सीताफळाच्या बिया मात्र कशातूनच नको. बियाण्यांवर बहुतेक देशांत कडक निर्बंध असतात आणि त्यामुळं सगळं पाकीटच जप्त होऊ शकतं.

वाटच बंद असेल तर

कधी कधी सगळं बरोबर असूनही एकाच देशाची कार्डं अडतात. २०२५ च्या ऑगस्टअखेर भारतातून अमेरिकेला जाणारं टपाल, साधी पत्रंसुद्धा, थांबवलं गेलं. तिकडच्या सीमाशुल्काच्या नव्या नियमांमुळं हे झालं, आणि ऑक्टोबरच्या मध्यात सेवा पुन्हा सुरू झाली. त्या काळात अमेरिकेचा पत्ता मिळालेल्यांना वाटलं की आपलंच काहीतरी चुकलं. पत्ता हातात आल्यावर त्या देशाची सेवा चालू आहे का हे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या. बंद असेल तर कार्ड लिहून ठेवा, सेवा सुरू झाली की टाका. आयडी वर्षभर चालतो हे वर सांगितलंच आहे.

साठ दिवस झाले, आता काय

यासाठी एक सवय आधीपासून हवी. कार्ड टाकण्याआधी दोन्ही बाजूंचा मोबाइलवर फोटो काढा, तिकिटं लावलेली असताना. साठ दिवस झाले की आधी तो फोटो बघा: देश, आकडे, तिकिटांची बेरीज. त्यात दोष सापडला तर तो पुढच्या कार्डात सुधारा. सापडला नाही तर समोरच्याला छोटा, सौम्य निरोप पाठवा. ‘मी अमुक तारखेला तुम्हाला एक कार्ड पाठवलं होतं. आयडी वाचता न आल्यामुळं नोंद राहिली असेल तर तो असा आहे.’ एवढंच. ‘नोंद का केली नाही’ असं विचारू नका, त्या माणसाच्या घरी काय चाललंय ते आपल्याला ठाऊक नसतं. कितीतरी वेळा उत्तर येतं, ‘हो, आलंय, आकडा लागत नव्हता,’ आणि पाच मिनिटांत नोंद होते. मिळालंच नसेल तर त्याच आयडीनं दुसरं कार्ड पाठवता येतं. ते बंधनकारक नाही, पण मला विचाराल तर पाठवावं. त्या माणसाचा पत्ता आपण मागून घेतलेला आहे.

आणि आपल्याला येणारी कार्डं?

इथला दोष बहुतेक वेळा आपण खात्यावर दिलेल्या पत्त्यात असतो. पोस्टमनमामांना तुमचं खात्यावरचं टोपणनाव माहीत नसतं, त्यामुळं आडनावासह पूर्ण नाव द्या. पत्ता इंग्रजीत, चार-पाच लहान ओळींत. परदेशी माणूस तो हातानं उतरवणार आहे, त्याला ‘मारुती मंदिराच्या मागे, पाटलांच्या वाड्यासमोर’ झेपत नाही.

जिल्ह्यांच्या नावांमुळंही गोंधळ होतो. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नवी नावं लिहा, तिकडं कुणी जुनं नाव लिहिलं तरी हरकत नाही, पिन बरोबर असला म्हणजे झालं. औरंगाबाद नावाचं शहर बिहारातही आहे, तिथला पिन ८२४१०१. आपल्या शहराचा ४३१००१. नावापेक्षा आकडा भरवशाचा तो असा. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला आणि तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, संस्कृतचे कवी. सारख्या नावांची गावं आणि वेगवेगळ्या लिपींतले पत्ते, हीच अडचण त्यांना सोडवायची होती.

खेड्यात राहणाऱ्यांनी मात्र पिनवर थांबू नये. एकाच पिनखाली बरीच गावं येतात, आणि पिंपळगाव, वडगाव, बोरगाव तर जागोजाग आहेत. गावाचं नाव, गावाचं पोस्ट, तालुका, जिल्हा, सगळं हवं. आणि पोस्टमनमामांना एकदा भेटा. आलेलं एखादं परदेशी कार्ड दाखवा, ‘मामा, असं काही आलं तर माझं असतं’ एवढं सांगा. आमच्या भागात दुसऱ्या कुठल्याही उपायापेक्षा याचा उपयोग जास्त झालेला मी पाहिला आहे.

शाळेचा पत्ता दिला असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचार मार्चमध्येच करा. तेव्हा पाठवलेली कार्डं मे महिन्यात बंद फाटकावर येतात. सुट्टीच्या आधी खातं काही काळ निष्क्रिय ठेवता येतं, म्हणजे तुमचा पत्ता नव्या कुणाला जात नाही. ज्यांना तो आधीच गेला आहे त्यांची कार्डं तरीही येणारच, त्यासाठी शाळेच्या शिपाईमामांकडं किंवा जवळ राहणाऱ्या एखाद्या बाईंकडं टपाल घ्यायचं सांगून ठेवा. आणि जूनमध्ये शाळा उघडली की मागं राहिलेल्या सगळ्या कार्डांची नोंद पहिल्याच आठवड्यात करून टाका, कारण तिकडं कुणीतरी आपल्यासारखंच साठ दिवस मोजत असतं.